ठिकाण : सविस्तर लिहावे

माझ्या नवऱ्याला रिकामा रकाना बघवत नाही. कुणाला तंबाखू सुटत नाही, कुणाला पत्ते सुटत नाहीत, आमच्या अनंतरावांना फॉर्म सुटत नाही. मोजणीच्या कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी केली. मी सांगतेय त्या उन्हाळ्यात रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण हातातलं पेन काही खाली आलं नव्हतं. आमच्या लेकीला, चारुताला, शाळेत घातलं तेव्हा फॉर्मच्या शेवटी ‘विशेष माहिती’ असं होतं. तिथं सगळं जग रेघ मारून मोकळं होतं. ह्यांनी लिहिलं, ‘मुलीस वांगे आवडत नाही.’ माझं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं, मी कॉटवर कळवळतेय, आणि हे ‘पूर्वीचे आजार’पाशी अडलेले. मला आधी काही झालंच नव्हतं. मग काय करावं माणसानं? स्वतःच्या आईचा दमा लिहून दिला! भुलीचा डॉक्टर येऊन मला विचारतो, “दमा कधीपासून आहे, काकू?” आता काय बोलायचं, सांगा.

“अहो, मोकळं सोडलं तर काय आभाळ कोसळतं का?” असं मी हजारदा विचारलं असेल. उत्तर ठरलेलं. “अंबिका, रकाना रिकामा राहिला की अर्ज बाद होतो.”

माणूस वाईट नाही, बरं का. कचेरीत कुणाचा फुकट चहासुद्धा घेतला नाही. गुलमंडीच्या मागं ज्या घरात वाढले तिथं आजोबा भिक्षुकी करायचे, वडील कचेरीत, हेही कचेरीत. तीन पिढ्या अक्षरावर जगल्या. त्यामुळं कागदावरचं तेवढं खरं आणि तोंडानं बोललेलं वाऱ्यावर, असा यांचा पक्का समज. मी चाळीस वर्षं तोंडानंच बोलतेय, म्हणजे सगळं वाऱ्यावरच गेलं म्हणायचं.

तर रिटायर झाल्यावर यांनी कॅमेरा घेतला. आधी त्याचं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं, मागचं वॉरंटीचं कार्ड भरलं, आणि मग बटण दाबलं. पहिला फोटो माझा, कुकरसमोर, डोळे मिटलेले. पुढं घरात कुणाचा फोटो काढलाच नाही. माणसं हलतात म्हणे. दगड हलत नाही, म्हणून जुन्या इमारती.

आणि उन्हाळा कुठला, तर लातूरला रेल्वेनं पाणी गेलं तो. जायकवाडीत तळाचा साठा उरलेला. हर्सूलच्या बाजूला आमची कॉलनी, आम्ही घर बांधलं तेव्हा चारी बाजूंना ज्वारी डोलायची. आता जिकडं बघावं तिकडं तीन-तीन मजले, प्रत्येकाच्या अंगणात बोअर, आणि प्रत्येक बोअरमध्ये वारा. नळ पाचव्या दिवशी, तोही पाऊण तास. त्या पाऊण तासात मी बादल्या, टिप, कळशा, अगदी वरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची, आणि हे? हे नेमके त्याच वेळी शहराच्या जुन्या दरवाजांचे फोटो काढायला बाहेर. का, तर म्हणे तेव्हा उजेड चांगला असतो. उजेड पिऊन जगा मग, म्हटलं.

त्यात ती स्पर्धा निघाली. शहरातल्या एका हौशी मंडळानं काढली होती. ‘वारसा आपल्या शहराचा’, फक्त हौशी छायाचित्रकारांसाठी. मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब, यांचे शाळेतले मित्र. झालं! हे पंधरा दिवस झपाटल्यासारखे हिंडले. रोज दुपारी तोंड पाडून परत. एका दरवाजावर भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, पार कमान झाकून. दुसऱ्याच्या कमानीत पाण्याचा टँकर अडकलेला, मागं शहागंजपर्यंत रिक्षांची रांग, आणि सगळे मिळून हॉर्न वाजवतायत. तिसऱ्यावर वायरींचा इतका गुंता की दरवाजा कुठला अन् वायर कुठली कळेना. “मकबऱ्याचा काढा ना,” मी म्हटलं. तर तुच्छतेनं म्हणाले, “मकबरा सगळेच पाठवणार.”

आता मंजुळाबाईंबद्दल सांगायला पाहिजे.

आमच्या कॉलनीच्या कडेला, शाळेच्या भिंतीपलीकडं, पत्र्याचं एक खोपट होतं. मंजुळाबाई, तिचा नवरा त्रिंबक आणि अकरा शेळ्या. त्रिंबक बांधकामावर मजुरीला जायचा. मूळचे धनगर. तिचा सासरा धोंडिबा याच रानात मेंढरं बसवायचा. आधी रान होतं, मग प्लॉट पडले, मग आम्ही आलो, आणि या माणसांचं रान आटत आटत खोपटाच्या त्या एका तुकड्यापुरतं उरलं. कॉलनीतले लोक तिच्याकडं तेव्हाच बघायचे जेव्हा एखादी शेळी कुणाची जास्वंद खायची. माझं तिचं बरं होतं. मी भाजीची देठं, शेंगांची टरफलं तिच्यासाठी ठेवायची, आणि ती मला ‘बाई’ म्हणायची.

एप्रिलात एकदा नळाला पाणी आलंच नाही. टँकरवाला उद्या-उद्या करत होता. घरात पिण्यापुरता एक तांब्या. मी पायरीवर बसले होते, खोटं कशाला बोलू, रडायलाच आले होते. तर मंजुळाबाई डोक्यावर हंडा घेऊन फाटकातून आत, आणि हंडा माझ्यापुढं ठेवला.

“घ्या बाई. कुटून आणलं इचारू नगा.”

विचारल्याशिवाय राहणारी मी नव्हेच. चौथ्या हंड्याला तिनं दाखवलं. तिच्या खोपटासमोर बोरीच्या काट्यांचा ढीग होता. तो बाजूला केला तर खाली शहाबादी फरशी, आणि फरशीखाली विटांचं गोल तोंड. आत वाकून बघितलं तर पार खाली पाणी वाहतंय! मलिक अंबरची नहर. चारशे वर्षांपूर्वीची, जमिनीखालून शहरात पाणी नेणारी. तिला जागोजागी अशी वर तोंडं काढलेली, बंबा म्हणतात त्याला. बाकीचे बुजले, कुणी कुणी तर त्याच्यावर जिने बांधले. हा एक मंजुळाबाईच्या काट्यांखाली शाबूत होता. रोज सकाळी ती पोहरा सोडून पाणी शेंदायची, शेळ्या पाजायची, स्वतःपुरतं भरायची, परत फरशी, परत काटे. सासऱ्यानं तिला मरताना तेवढंच सांगितलं होतं, हे तोंड झाकून ठेव.

“हे हाय म्हणून शेळ्या हायेत, बाई,” ती म्हणाली. “हे गेलं की समदं इकायचं.”

आणि माझी जीभ! मी हे घरी येऊन सांगितलं. पाणी कुठून येतं ते नवऱ्याला नको का सांगायला? यांनी जेवता जेवता हात तसाच ठेवला. “नहरीचा बंबा? उघडा? आत पाणी?” ताट अर्धं सोडून कॅमेरा पुसायला बसले.

मी आधी मंजुळाबाईची परवानगी घ्यायला लावली. ती बिचारी कुठं नाही म्हणणार? “फोटू काढा सायेब. पर माझं नाव कुटं नगं, अन् कुनाला सांगू नगा. उद्या समदी कॉलनी घागरी घेऊन यील.”

“नाही सांगणार,” हे म्हणाले. “माझा शब्द.”

आणि शब्दाचा माणूस आहे हो, म्हणून मीही निर्धास्त राहिले.

मग पाच दिवस तमाशा. सकाळी नऊच्या सुमाराला ऊन तिरकं होऊन बंब्याच्या आत उतरायचं, दहा मिनिटं. तेवढ्यात फोटो. आणि नेमकी तीच शेळ्यांची पाणी प्यायची वेळ. स्टँड लावून हे उकिडवे बसलेले, आणि चौकटीत एकदा करडू, एकदा पोहऱ्याचा दोर, एकदा मंजुळाबाईचा पाय.

“बाई, जरा शेळ्या बाजूला घ्या.”

“अन् कुटं नेऊ? त्यांच्या प्यायची येळ हाय.”

“मग तुम्ही तरी बाजूला व्हा. फ्रेम बिघडते.”

“म्या बाजूला झाले तर पानी कोन शेंदायचं, तुमी?”

तर यांनी खरंच शेंदलं! आठ वाजता जाऊन अकरा शेळ्यांचं पाणी स्वतः ओढून दिलं, म्हणजे नऊ वाजता जागा मोकळी. मंजुळाबाई तोंडाला पदर लावून हसत होती. मी काय हसू? यांची कंबर धरली ती धरलीच, आठ दिवस मलम चोळलं मी. पण फोटो मात्र निघाला. खोटं बोलणार नाही, बघत राहावा असा. विटांचा तो घसा, आत उतरलेलं ऊन, आणि तळाशी काळं, हलतं पाणी. दोर नाही, घागर नाही, माणूस नाही. चारशे वर्षं तिथं कुणी आलंच नव्हतं असं वाटावं.

पहिलं बक्षीस मिळालं. शाल, श्रीफळ, लाकडी फळीवर पितळी पट्टी. तात्यासाहेब माइकवर गहिवरून म्हणाले, “अनंतरावांनी विस्मृतीत गेलेला ठेवा शोधून काढला!” मी खुर्चीत चुळबुळले. विस्मृतीत कुणाच्या? सकाळीच तर मंजुळाबाईनं तिथनं दोन घागरी भरून एक मला दिली होती. पण फोटोखालच्या चिठ्ठीवर ठिकाण नव्हतं, नुसतं यांचं नाव आणि ‘नहर’ एवढंच, म्हणून मी मनातल्या मनात नवऱ्याला शाबासकी दिली. घरी येताना पेढे घेतले. मंजुळाबाईला चार दिले, तिनं ते शेळ्यांसमोर उभं राहून खाल्ले आणि म्हणाली, “सायबाचा मान झाला, लई बरं झालं.”

आठवड्यानं सकाळी जीप आली. वारसा जपायचं काम बघणारे कुठल्याशा कचेरीतले तीन लोक, त्यांच्याबरोबर वेल्डिंगवाला आणि लोखंडी जाळी. मी गच्चीवरून पाहिलं आणि तशीच चप्पल न घालता धावले. हेही मागून. जीपमधले साहेब तरुण होते, आनंदात होते. त्यांच्या हातात कागद होता, आणि ते वाचून वाचून जागा पडताळत होते.

“पूर्वेस शाळेची भिंत. बरोबर. पश्चिमेस नाला. बरोबर. उत्तरेस सोसायटीचा रस्ता. दक्षिणेस पडीक जागा. हं, हेच.”

मी वळून यांच्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक.

मला सगळं समजलं. स्पर्धेच्या फॉर्मवर रकाना होता, ‘ठिकाण : सविस्तर लिहावे.’ आणि माझ्या नवऱ्यानं तो भरला होता. नुसता भरला नाही, जमिनीचा दस्त लिहितात तसा चतुःसीमेसकट भरला होता, गट नंबर घालून! तात्यासाहेबांनी कौतुकानं तो फॉर्म पुढं या लोकांच्या कचेरीत दाखवला होता.

मंजुळाबाई खोपटाच्या दारात करडू धरून उभी होती. तिला मी म्हटलं, घाबरू नका, बोलते मी. बोलले, भांडले, साहेबांचा हात धरला. ते बिचारे अदबीनं म्हणाले, “काकू, अहो याच्यासाठीच तर आलोय. एवढा मोलाचा वारसा, कुणी पाय घसरून पडलं, कुणी कचरा टाकला तर?” दुपारपर्यंत जाळी बसली, कुलूप लागलं, पाटी लागली. ‘वारसा वास्तू. पाणी काढण्यास मनाई आहे.’ काटे उचलून नाल्यात टाकले.

घरी आल्यावर मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

“तुम्ही शब्द दिला होता!”

“मी कुणाला सांगितलं नाही,” हे म्हणाले. आणि मला वेड लावेल अशी गोष्ट म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. यांच्या डोक्यात सांगणं वेगळं आणि अर्जात लिहिणं वेगळं. “रकाना होता, अंबिका. रिकामा ठेवला असता तर अर्ज बाद झाला असता.”

“झाला असता तर झाला असता! शाल नसती आली, एवढंच ना? घरात तीन शाली पडल्यात!”

मंजुळाबाईला मात्र आम्ही काही सांगितलं नाही. कागदावरची ती कचेरीची भाषा तिच्या डोक्यावरून गेली असेल असं मी धरून चालले. तिला वाटत होतं कॉलनीतल्याच कुणी तक्रार केली, निदान मला तसं वाटलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. यांनी तर तिच्याकडं बघायचंच सोडलं. फाटकापाशी ती दिसली की आत.

आत बसून काय, तर अर्ज! कुलपाची किल्ली सकाळी एक तास मिळावी, असा अर्ज. त्याला स्मरणपत्र. त्या स्मरणपत्राचा संदर्भ देऊन तिसरा अर्ज. स्वतः बसनं जाऊन आवकचा शिक्का मारून आणायचे. दीड महिन्यात नऊ. मी म्हटलं, शेळ्यांना शिक्के पाजा आता. मी माझ्या टिपातलं पाणी द्यायची, पण पाचव्या दिवशीचं पाऊण तासाचं पाणी, अकरा शेळ्यांना पुरतंय होय? आधी तीन गेल्या बाजारात. मग पाच. शेळी गेली की मंजुळाबाई दोन दिवस आमच्याकडं यायची नाही, मग परत यायची, देठं घेऊन जायची. देठं तीच, खाणारी तोंडं कमी.

जूनच्या अखेरीला एका अर्जाचं उत्तर आलं. दोन ओळींचं. ‘सदर ठिकाणी कोणतीही वस्ती असल्याची नोंद उपलब्ध कागदपत्रांत नाही. सबब विनंती मान्य करता येत नाही.’ अनंतरावांनी ते तीनदा वाचलं, घडी घातली, आणि जेवले नाहीत. मी म्हटलं, असं कसं नाही, येऊन बघा म्हणावं.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, मंजुळाबाई आली. डोक्यावर गाठोडं. मागं रस्त्यावर त्रिंबक, खांद्यावर पत्र्याचं खोकं घेऊन उभा. आभाळ कोरडं ठणठणीत.

“चाललो बाई. पैठणला, भावाकडं. सकाळी उरल्याल्या तीन बी दिल्या.”

आणि कधी नव्हे ते अनंतराव आतून बाहेर आले. पायरीवर उभे राहिले आणि हात जोडले. माझ्या चाळीस वर्षांच्या संसारात हा माणूस चुकलो म्हणालेला मी ऐकला नव्हता.

“मंजुळाबाई, जाळी माझ्यामुळं बसली. ठिकाण मी लिहून दिलं होतं. कॉलनीतल्या कुणी काही केलेलं नाही.”

“ठावं हाय,” ती म्हणाली.

यांचे जोडलेले हात खाली आले.

“त्या दिशी सायबानं वाचलं की तुमचं. मला वाचता येत नाय, पर ऐकू येतंय. पूर्वेस-पश्चिमेस असं ह्या आळीत दुसरं कोन बोलतंय?”

“अहो मग दीड महिना बोलला का नाहीत?” माझा आवाज चढला. “आम्हाला दोन शिव्या तरी घालायच्या!”

“काय घालू, बाई? तुमचं बी पानी त्यातलंच व्हतं. जानून कोन आपल्याच पान्याला कुलूप लावतंय? चुकलं आसंल म्हनलं.” तिनं गाठोडं सावरलं, निघाली, आणि दोन पावलांवर थांबली. “एक इचारू का, सायेब?”

“विचारा.”

“शाळंची भिंत लिव्हली. नाला लिव्हला, घानीचा नाला. तुमच्या सोसायटीचा रस्ता लिव्हला. अन् माझ्या अंगाला काय लिव्हलं?”

अनंतराव अगदी हळू म्हणाले, “पडीक जागा.”

“व्हय. तेच ऐकलं व्हतं म्या.”

“तुम्हीच म्हणाला होता ना, नाव नको म्हणून...”

“नाव नगं म्हनले व्हते, सायेब. पन्नास वर्सं चूल पेटतीया तिथं. घर हाय एवढं तर लिव्हायचं.”

रागानं नाही बोलली. रागावली असती तर बरं झालं असतं. मग “येते बाई” म्हणाली आणि गेली. अनंतराव भिंतीला धरून पायरीवर बसले. ‘कोणतीही वस्ती असल्याची नोंद नाही’, ती नोंद कुणी केली नव्हती ते त्यांना आदल्या दिवशीच कळलं होतं, म्हणून जेवले नव्हते.

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. सवयीनं तोंडही उघडलं होतं. पण ते मिटून घेतलं. एप्रिलभर मी तिचं पाणी प्याले होते. भरलेला हंडा बघून शेजारणीनं दोनदा विचारलं होतं, “कुणी दिलं हो एवढं पाणी?” आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, “कुणी नाही.”